अंदाज चुकला तरी चालेल, पण लपवायचा नाही!



पूल, रस्ते, इमारती बांधणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापकाला काय यायला हवं, असं विचारलं तर आपण चटकन म्हणतो, गणित आणि विज्ञान. ते तर हवंच. पण त्याच्या कामाचा मोठा भाग असतो अंदाज बांधणं. किती दिवस लागतील, किती सिमेंट लागेल, पावसाळ्याआधी काम कुठवर येईल? माझं स्पष्ट मत आहे की या कौशल्याचं बी प्राथमिक शाळेत रुजतं आणि बऱ्याचदा तिथेच करपतं.

आपल्या कोकण रेल्वेचंच उदाहरण घेऊ. १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली महामंडळ स्थापन झालं. पाच वर्षांत मार्ग पूर्ण करायचं ठरलं. किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळं लावली गेली. ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल! कठीण खडकातले बोगदे पुढे सरकले, पण मऊ, पाणी धरलेल्या मातीतले काही बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत राहिले. गोव्यातल्या पेडणे बोगद्याने तर फारच दमवलं. शेवटी पूर्ण मार्ग सुरू झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. म्हणजे इतक्या हुशार माणसांचाही अंदाज चुकला. पण उरलेले दिवस मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मग चांगला अंदाज बांधायला काय लागतं?

पहिलं, कामाचे तुकडे पाडता येणं. "घर सहा महिन्यांत होईल" हा अंदाज नाही, ती इच्छा झाली. खोदकाम, पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असं वेगळं मोजावं लागतं. कोणतं काम कशासाठी थांबतं हेही कळावं लागतं. माणसं दुप्पट लावली म्हणून स्लॅबवर पाणी मारायचे दिवस कमी होत नाहीत.

दुसरं, नोंद ठेवण्याची सवय. आज किती वीटकाम झालं हे रोज लिहिणाऱ्यालाच उद्याचं सांगता येतं.

तिसरं, दुसऱ्यांच्या अनुभवाकडे बघणं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी सांगितलेला एक किस्सा आपल्याच क्षेत्रातला आहे. इस्राएलमध्ये ते एका गटाबरोबर शालेय अभ्यासक्रम तयार करत होते. सगळ्यांचा अंदाज होता, साधारण दोन वर्षं. गटातल्या एका तज्ज्ञाला विचारलं, अशा इतर गटांना किती वेळ लागला? तो म्हणाला, ज्यांनी पूर्ण केलं त्यांना सात ते दहा वर्षं! गंमत म्हणजे स्वतःचा अंदाज देताना त्यालाही हे आठवलं नव्हतं. काम संपलं आठ वर्षांनी. बांधकामातही तसंच. "आपलं काम वेगळं आहे" असं म्हणण्याआधी शेजारच्या कामाला किती दिवस लागले ते विचारावं. मुकादम आणि गवंडी यांचंही ऐकावं.

चौथा गुण स्वभावाचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: आकडा बदलला की लगेच सांगण्याचं धाडस. उशीर होणार हे चौथ्या महिन्यात कळलं, पण साहेब रागावतील म्हणून दहाव्या महिन्यात सांगितलं, तर नुकसान सगळ्यांचंच.

आता आपल्या वर्गाकडे बघू. मापनाच्या पाठात 'अंदाज' आणि 'प्रत्यक्ष माप' असे दोन रकाने करतो ना? बरीच मुलं काय करतात? आधी पट्टीने मोजतात, मग तोच आकडा अंदाजाच्या रकान्यात लिहितात. कारण चुकलेला अंदाज म्हणजे चुकलेलं उत्तर, असं त्यांना वाटतं. दोन्ही रकाने जुळले की बरोबरची खूण मिळते. म्हणजे नकळत आपण बक्षीस कशाला देतो?

घरीही तेच. "पेपर कसा गेला?" या प्रश्नाला "मस्त!" हे एकच उत्तर चालतं. "दोन गणितं चुकली असतील" म्हणणाऱ्या मुलाला ओरडा बसला, तर पुढच्या वेळी ते खरं सांगेल का? हेच मूल उद्या साइटवर उभं राहून उशीर लपवेल.

उपाय साधे आहेत, खर्च शून्य. अंदाज पेनने लिहून घ्या, मगच पट्टी हातात द्या. फरक किती आला हा तिसरा रकाना ठेवा. "का चुकला?" हे विचारा, पण रागावून नको. आठवडाभर फरक कमी होतोय का ते मुलांनाच बघू द्या. पालकांनी घरी विचारावं, "गृहपाठाला किती वेळ लागेल?" आणि घड्याळ लावून दोघांनी मिळून ताडून पाहावं.

अंदाज चुकणारच. पण चुकलेला आकडा न घाबरता सांगणारी मुलं घडली, तर उद्याचे पूल बांधणाऱ्यांवर आपल्याला विश्वास ठेवता येईल.