दोन बदामी, दोन डोळे

दिवाळी तोंडावर आली की घराला रंगाची आठवण होते आणि खिशाला महागाईची! यंदा आमच्याकडे वाद माजला तो दोन बदामी रंगांवरून. खोली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नमुन्याच्या पट्टीवर दोन्ही रंग जुळे भाऊ शोभावेत असे.

रंगारी मुरलेला. त्याने भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर चौकोन काढले, दोन-दोन हात दिले आणि म्हणाला, "वाळू द्या. मग सकाळी बघा, रात्रीही बघा."

वाचकहो, बदामी रंग मोठा लबाड! सकाळच्या उजेडात एक गुलाबीकडे झुकला, दुसरा पिवळ्याकडे. रात्री २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्याखाली दोघे पुन्हा एक! त्या दिव्यात निळा प्रकाश थोडा, मग फरक दिसावा कसा?

अण्णांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला. डाव्याला मात्र वर्षभर "आता कशाला?" हेच उत्तर. त्यांनी भरदिवसा एकेक डोळा झाकून भिंत पाहिली. "उजव्याला दोन रंग दिसतात, डाव्याला एकच!" मोतीबिंदूचे पिवळट भिंगही निळा प्रकाशच अडवते. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन १९२३ साली झाले, तेव्हा त्यांनाही रंग निराळे दिसू लागले होते.

"अण्णा, मग कोणता लावायचा?" सौ.ने विचारले.

"गुलाबी झाकेचा. आणि सूनबाई, डॉक्टरांकडे तारीख विचार. एवढे पैसे भरून रंग लावायचा, तो एकाच डोळ्याने का पाहू?"