लेकीचा गुडघा आणि स्पर्धेची तारीख

बाजारात बैल घेताना आपण नुसते दात पाहत नाही, चार पावलं चालवून पाहतो. मग गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन झालेल्या लेकीला ‘टाके सुकले, आता खेळ’ म्हणून कबड्डीच्या मैदानावर कसे सोडतो?

उडी मारून खाली येताना किंवा झटकन वळताना गुडघा आत मुडपतो आणि हे लिगामेंट तुटते. मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. दुखायचे थांबले म्हणजे गुडघा पक्का झाला, असे नव्हे. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरल्यास तो पुन्हा जाण्याची भीती बरीच वाढते.

नऊ महिने भरले तरी फिजिओथेरपिस्टकडून हालचाल तपासून घ्यावी. एकेका पायावर उडी मारायला लावून टेपने अंतर मोजतात. चांगल्या पायाने १२० सेंटीमीटर गेली, तर ऑपरेशनच्या पायाने निदान १०८, म्हणजे ९० टक्के जायला हवी. पण नुसते अंतर भरून भागत नाही. उतरताना गुडघा आत झुकतो का, अंगाचा भार चांगल्या पायावरच जातो का, हेही पाहावे लागते. हा प्रयोग घरच्या अंगणात मात्र करू नका.

सरपंच मंडळी, चषकासाठी वर्गणी निघते, मग तपासणीच्या दोन-चार खेपांचे एसटी भाडे गावाला जड आहे का? महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीत हा खर्च बसतो का, तेही पाहा. चषक पुढच्या वर्षीही मिळेल. लेकीला मात्र त्याच पायांवर उभा जन्म काढायचा आहे.