भाऊबंदांचा भूखंड आणि पंचांचा निवाडा

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आमचे शेतकरी बंधु एकमेकांस नेहमीं ऐकवितात, आणि ऐकविणाराच पुढील आठवड्यांत वकिलाच्या दारीं बसलेला दिसतो. म्हण खोटी नाहीं; परंतु ती पायरी चढावयाची नाहीं तर जावयाचें कोठें, हें ती सांगत नाहीं. मिळकतीच्या तंट्यांस पंचांचा मार्ग कोणत्या अटींवर हितकर होईल, याचा विचार ठाणें तालुक्यांतील घणसोली गांवाच्या उदाहरणानें आम्ही येथें करूं इच्छितों.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नवी मुंबईसाठीं संपादनांत आल्या. घणसोली त्यांपैकींच एक. योग्य मोबदल्यासाठीं श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पांच जण गोळीबारास बळी पडले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदारास देण्याची योजना आली. जें इतक्या मोलानें मिळविलें, तें आज भाऊबंदकींत अडकून पडावें, ही गोष्ट शोचनीय होय.

हिशेब करून पाहावा. एका एकराचे साडेबारा टक्के म्हणजे पांच गुंठे. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं तीस टक्के वजा जातां साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारें ३५४ चौरस मीटर, उरतात. सातबाऱ्यावर आजोबांचें नांव होतें. त्यांचीं नातवंडें बारा धरिलीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास ३० चौरस मीटरहि येत नाहींत. असा भूखंड सांखळी टाकून वांटतां येत नाहीं. न्यायालय हिस्सा ठरवितें. वस्तु विभागण्याजोगी नसेल तर १८९३ च्या वांटणीच्या कायद्यान्वयें विक्रीचा हुकूमहि देऊं शकतें. परंतु थोरल्यानें खालचा गाळा घ्यावा, धाकट्यानें वरचें घर घ्यावें, बहिणीस रोकड द्यावी, आणि आई आहे तोंवर तिची खोली तिचीच असावी, अशी तोड निकालपत्रांतून सहसा निघत नाहीं. ती संमतीनेंच निघते, आणि संमति घडविणें हेंच मध्यस्थाचें काम. एरव्हीं एका रुसलेल्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा बिल्डर घरांत शिरतो. दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, दुसरें काय!

तथापि पंच म्हटले कीं न्याय झालाच, असें आम्ही समजत नाहीं. महसुलाच्या चाकरींत आम्हीं पुष्कळ वर्षें फेरफाराच्या नोंदी लिहिल्या. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीस त्यांतील मजकूर कोणीं आधीं वाचून दाखविल्याचें आम्हांस क्वचितच आढळलें. ‘माहेर तुटेल’ एवढ्या एका शब्दावर तिचा हक्क सुटतो, आणि गांवकी त्यास समेट म्हणते. वास्तविक महाराष्ट्रानें १९९४ सालीं व मध्यवर्ती कायद्यानें २००५ सालीं हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरीहि तो जन्मसिद्ध आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. बहिणीस वगळून झालेला समेट अन्याय्य तर खराच, पण तो कच्चाहि असतो. ती किंवा तिचीं मुलें उद्यां दावा लावूं शकतात.

म्हणून पंचांच्या मार्गास आमच्या तीन अटी आहेत. पहिली, सर्व वारस, लेकींसह, हजर असावेत, व पंचांत निदान एक स्त्री असावी. दुसरी, पंच नेमण्यापूर्वीं उभय पक्षांचा लेखी करार असावा. ही कांहीं नवी टूम नव्हे. पेशवाईंतहि पंचायत बसण्यापूर्वीं वादी-प्रतिवादींकडून राजीनामा लिहून घेत, व निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून येजितखत घेत. आजच्या १९९६ च्या लवादाच्या कायद्यासहि लेखी करार व विषम संख्येचे पंच लागतात, आणि निवाड्याची बजावणी हुकूमनाम्याप्रमाणें होते. मात्र तो सहीं करणारांवरच बंधनकारक असतो. तिसरी अट, झालेल्या समेटास कायद्याचा शिक्का पाहिजे. स्टॅंपाचा कागद ट्रंकेंत ठेवून भागत नाहीं. वांटणीचा दस्त नोंदवावा, किंवा समेट लोकअदालतींत मांडावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणें लोकअदालतीचा निवाडा हुकूमनामाच मानला जातो, त्यावर अपील नाहीं, आणि चालू दाव्यांत भरलेली कोर्टफी परत मिळते. स्त्रियांस तर उत्पन्न कितीहि असो, वकिलाचें साहाय्य मोफत आहे.

२००७ सालीं राज्यांत तंटामुक्त गांव मोहीम निघाली; पण ती ग्रामसभेवर उभी, आणि घणसोली १९९२ पासून महानगरपालिकेंत. तेव्हां हें काम गांवकीनेंच अंगावर घ्यावयास पाहिजे. दप्तर जाणणारा एक, कायदा जाणणारा एक आणि सर्वांच्या विश्वासाची एक स्त्री, अशी पंचांची यादी तिनें करावी. ज्यांस जुने बांध आणि जुनीं नातीं तोंडपाठ आहेत अशीं वडीलधारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. त्यांची साक्ष घ्यावयाची ती तीं हयात आहेत तोंवरच घेतां येईल. मागाहून दप्तरांत नांवें सांपडतील, पण कोणाचें कोणास काय देणें होतें, हें सांगणारा भेटणार नाहीं.