न बोलणारे दुखणे

दिवाळीनंतर पंधरवड्याने कार्तिकी पौर्णिमा येते आणि बीड जिल्ह्यातील कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. शहरांतील घरांतूनही वडीलधारी मंडळी निघतात. आपण शिदोरी, पांघरूण आठवणीने देतो. रक्तदाबाची गोळी मात्र फडताळातच राहते. "काही त्रास तर होत नाही, चार दिवस नाही घेतली म्हणून काय बिघडले?"

बिघडते ते इथेच. धबधब्याखालचा कातळ नकळत झिजावा, तशा वाढत्या दाबाने रक्तवाहिन्या नकळत निबर होतात. हृदय थकते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, डोळ्यांच्या पडद्याला इजा पोचते आणि मेंदूतील रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली की अर्धांगवायू होतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. त्या काळी गुणकारी गोळ्या नव्हत्या. आज त्या सरकारी दवाखान्यातही मिळतात.

दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून रक्तदाब १४०/९० किंवा अधिक भरला, तर तो वाढलेला समजावा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमीच असावे. लोणचे, पापड आणि फराळाचा चिवडा त्यातच मोजावा. तंबाखू सोडावी. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळी मात्र कधीही बंद करू नये.

म्हणून यात्रेला निघण्यापूर्वी वडिलधाऱ्यांचा रक्तदाब मोजून घ्या आणि शिदोरीबरोबर परतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्याही बांधून द्या.