अंथरुणाला खिळलेल्यांचा कैवार

ज्या हातांनी आयुष्यभर परक्याची शेते कसली, ते थकले की पोटची मुलेही पुष्कळदा पाठ फिरवतात. 2007 च्या केंद्रीय कायद्याने अशा वृद्धांना निर्वाहाचा हक्क दिला. पण दाद मागायची न्यायाधिकरणापुढे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी तिथवर जाणार कशी? उत्तर पाचव्या कलमातच आहे: जिला स्वतः अर्ज करणे अशक्य, तिच्या वतीने तिने अधिकार दिलेली व्यक्ती वा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. तेव्हा म्हातारीला उचलून कचेरीत नेण्यात कार्यकर्त्याने धन्यता मानू नये. तिचे अधिकारपत्र घ्यावे, अर्जाची पोच मागावी, नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांच्या मुदतीवर पहारा ठेवावा. फळे वाटणे सोपे आहे. हक्क वसूल करून देणे हेच समाजवाद्याचे काम.