दोनातून सात जात नाहीत!

५२ वजा २७ बरोबर ३५. बुऱ्हाणपुरात आमच्या शेजारच्या पोरीच्या वहीत या आठवड्यात हे पाहिलं. वर लाल फुली, खाली शेरा ‘लक्ष दे’. अहो, लक्ष होतंच तिचं! दोनातून सात जाईनात, म्हणून तिने सातातून दोन काढले, आणि त्याच नेमाने ८१ वजा ४६ चे ४५ केले. हा धांदरटपणा नव्हे, चुकीचा पण पक्का नियम आहे. अमेरिकेत ब्राऊन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली असल्या नियमांवर निबंधच लिहिला. त्यांचा ‘बग्गी’ हा संगणकावरचा खेळ मुद्दाम एकाच पद्धतीने चुकायचा आणि ती पद्धत शिक्षकाने ओळखायची. (केळीच्या हिशेबात आमचे काही व्यापारीही एकाच पद्धतीने चुकतात, पण ते अज्ञानाने नव्हे.) माझं मत साफ आहे: शाळेतला संगणक चित्रं रंगवायला न ठेवता पोरांचे असे चुकीचे नियम ओळखायच्या कामाला जुंपा. ढीगभर वह्या तपासणाऱ्या मास्तरांना चुकीमागचा नियम शोधायला सवड कुठली? यंत्राला ना घाई, ना वैताग. तेवढं त्याने शोधून द्यावं. एक दशक सुटा करून दहा काड्या पोरांच्या हातावर ठेवायला मास्तर आहेतच. काड्यांना मंजुरी मिळत नसेल, तर आगपेटी माझ्याकडून.