आधी सीट, मग चाके

गेल्या महिन्यात चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ गुडघा धरून दवाखान्यात आले. रक्तातील साखर वाढली म्हणून आम्हीच त्यांना व्यायाम सांगितला होता. त्यांनी हौसेने वाकड्या हँडलची रेसिंग सायकल घेतली आणि रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढू लागले. तीन आठवड्यांत गुडघा वाटीपाशी दुखू लागला. "डॉक्टर, हलकी चाके टाकली तर फरक पडेल का?" असा त्यांचा प्रश्न. चाकांची किंमत ऐकून आम्हीच खुर्चीत सावरून बसलो!

सायकल बाहेरच उभी होती. पाहतो तो सीट चांगली तीन बोटे खाली. दुखण्याचे मूळ तिथेच होते.

सायकलीला नवे भाग टाकण्याची हौस हल्ली तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. हौसेला आमचा विरोध नाही, पण क्रम चुकतो. पैसा आधी शरीराला टेकणाऱ्या आणि रस्त्याला धरून ठेवणाऱ्या भागांवर खर्च व्हावा. दिखाऊ भाग नंतर.

सर्वांत पहिली दुरुस्ती फुकटची आहे. कुणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते. बदल एका वेळी अर्धा सेंटिमीटरच करावा आणि दोन-तीन दिवस चालवून पाहावे.

सीट बदलायची तर जाड गादीला भुलू नये. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. फार मऊ गादीत ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागातील नसा दाबल्या जातात. तिथे बधिरपणा येत असेल तर लाजून लपवू नये. सीटचे टोक वर उचललेले नाही ना ते पाहावे आणि अधूनमधून पेडलवर उभे राहावे. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळव्यातील नस हँडलवर दाबली जात आहे असे समजावे. हँडल थोडे वर घेतले, पकड बदलत राहिले की बहुधा आराम पडतो. उतरल्यावरही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

यानंतर गिअर. पुढे ३९ आणि मागे २५ दातांचे चक्र असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वातीन मीटर जाते. पुढे ३४ व मागे ३२ असेल तर सव्वादोन मीटरच. चढावर दुसरी जोडी गुडघ्याला फार सोपी पडते. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवावेत. आपल्या सायकलीला एवढे मोठे चक्र चालते का, चेन लांब लागेल का, हे मात्र मिस्त्रीला आधी विचारावे.

टायरचेही तेच. २३ मिलिमीटरचे टणक टायर आपल्या खड्ड्यांचे धक्के सरळ मनगटात आणि मानेत पोहोचवतात. फ्रेममध्ये व ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ चे टायर टाकावेत. त्यांत हवा थोडी कमी ठेवता येते.

ब्रेककडे तर कुणाचेच लक्ष नसते. चढणाऱ्याला उतरायचेही असते! ब्रेकच्या रबरावरील खाचा झिजून गेल्या, रबर कडक झाले किंवा त्यात खडे रुतले की ते बदलावे. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक तरुण उतारावरून पडून गळ्याजवळचे हाड मोडून आमच्याकडे आला. सायकलीचा गिअर कोरा होता, ब्रेकचे रबर मात्र गुळगुळीत.

राहिला हलकेपणा. माणूस ७८ किलोचा आणि सायकल १० किलोची. भारी चाके टाकून अर्धा किलो वाचला, तर ८८ किलोंत फरक तो किती? तोच अर्धा किलो पोटावरून उतरवला तर खर्च नाही, उलट साखरही आटोक्यात येते.

त्या गृहस्थांची सीट टप्प्याटप्प्याने वर घेतली, मागे मोठे चक्र बसवले आणि पंधरा दिवस घाट बंद ठेवला. आता गुडघा ठीक आहे. चाके जुनीच आहेत, आणि त्यांची साखरही उतरते आहे.